बहुमताचा करार आणि वगळलेला कामगार

सामुदायिक वाटाघाटींचा हक्क कामगारांना कोणी दान दिलेला नाही. तो झगडून मिळवलेला आहे. म्हणूनच तो हक्क कामगारांविरुद्धच वापरला गेला, तर काय होते, हा प्रश्न चळवळीने टाळता कामा नये.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील रेल्वेत इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालण्याचे काम अनेक वर्षे काळे फायरमन करीत. काम धुराचे, घामाचे. गोऱ्यांना ते नको असे. पुढे कोळसा लोटणारी यंत्रे आली, कष्ट हलके झाले आणि तेच काम गोऱ्यांना हवेसे वाटू लागले.

बहुसंख्यांनी निवडलेल्या संघटनेने त्या कामातील सर्वांच्या वतीने करार करावा, असा रेल्वे कामगार कायदा होता. फायरमनांची संघटना काळ्यांना सभासद करून घेत नसे. तरी त्यांच्या भाकरीचा सौदा करण्याचा अधिकार तिच्याच हाती! फेब्रुवारी १९४१ मध्ये तिने रेल्वे कंपन्यांशी करार केला, की काळ्या फायरमनांचे प्रमाण निम्म्याहून अधिक असू नये. बेस्टर स्टील या अलाबामातील फायरमनची जागा गेली. ती त्याच्याहून कनिष्ठ गोऱ्यांना मिळाली.

स्टील न्यायालयात गेला. चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याची बाजू मांडली. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्या संघटनेला आहे, तिने सर्वांचे हित भेदभावाविना पाहिलेच पाहिजे. मात्र काळ्यांना सभासद करून घ्या, असे न्यायालय म्हणाले नाही. वर्णावरून सभासदत्व नाकारण्यास देशभर बंदी घालणारा कायदा १९६४ साली झाला.

हा दोष अमेरिकेपुरता नाही. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ! दार अडवणारे सवर्ण कामगारच होते. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे ठेवला, तो याच कारणाने.

कामगारांतील भिंतीचे भाडे अखेर मालकाच्याच खिशात जाते. बाहेर ठेवलेला कामगार उद्या संप फोडील अशी भीती वाटत असेल, तर त्याला दूषण देण्यापूर्वी आपल्या संघटनेचे दार तपासावे. ज्याला सभेत जागा नाही, त्याच्या नावाने केलेल्या कराराला एकजूट म्हणता येत नाही.