हत्यार आणि हात



वादकाला अमुकच विजेची गिटार का आवडते, असा प्रश्न निघाला की लोक नादाविषयी बोलतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्ही आधी हात पाहतो.

बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. १९६५ साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तोडली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून अंगुस्ताने केली, वर चामडे चिकटवले. बारीक तारा मिळेनात, तेव्हा बँजोच्या तारा चढवल्या.

'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या ध्वनिमुद्रणात त्याची फेंडर बिघडली, म्हणून गिब्सन एसजी हाती आली, ती कायमची. अंग पातळ, वजन हलके, मानेपाशी दोन्ही बाजूंना खाच. उंच स्वरांच्या पडद्यांवर बोटे सहज पोचतात. १९७१ मध्ये त्याने तारा आणखी उतरवल्या. दाबायला जोर कमी लागला आणि नाद भारदस्त झाला.

त्या नादाचे जगभर कौतुक झाले; बोटे काही परत आली नाहीत. हत्यार हाताला जुळले पाहिजे, हात हत्याराला बळी जाता कामा नये. यंत्राला आधी गार्ड बसवा. जिद्दीचे पोवाडे मागाहून गाऊ.