रुग्णालयातील रक्तसंसर्ग : टळला असता काय?



उज्जैनच्या फ्रीगंज भागातील या टावर चौकात येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर सहज मनोऱ्यावरील घड्याळाकडे वळते. आजच्या विषयाचा आरंभही वेळेच्या नोंदीपासूनच होतो.

बरे होण्यासाठी दाखल झालेला रुग्ण रुग्णालयातच नव्या तापाने फणफणतो, रक्तात जंतू आढळतात आणि घरची मंडळी विचारतात : हे टळले असते काय? कोणी दैवाला बोल लावतो, कोणी परिचारिकेला. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. चौकशी मात्र होतच नाही.

चौकशीचा क्रम ठरलेला आहे. दाखल झाल्यापासून ४८ तास उलटल्यावर उद्भवलेला संसर्ग साधारणतः रुग्णालयातील मानतात. मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, दोन दिवसांहून अधिक काळ होती काय, हे नंतर पाहतात. तोच जंतू फुफ्फुसातून, मूत्रमार्गातून वा जखमेतून रक्तात शिरलेला नसेल, तर संशय नळीवर येतो.

परंतु संसर्ग नळीतून आला एवढ्यावरून तो टाळण्याजोगा होता, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलना लागते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांच्या विभागातील सूतिकाज्वराचे मृत्यू सुइणींच्या विभागाहून पुष्कळ अधिक होते. शवविच्छेदन केलेले हातच प्रसूत स्त्रियांना लागत होते. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. त्या विभागात १८४६ मध्ये शंभरातील सुमारे ११ प्रसूता दगावल्या होत्या. १८४८ मध्ये हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. जे अटळ वाटत होते, ते टळले.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पाच साधे नियम पाळले गेले : हात धुणे, नळी घालताना संपूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, त्वचेला क्लोरहेक्सिडीन लावणे, शक्यतो जांघेतून नळी न घालणे आणि गरज संपताच ती काढणे. नियम मोडला गेल्यास परिचारिकेला डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार होता. नळी वापरल्याच्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचे मध्यक प्रमाण २.७ होते, तीन महिन्यांत ते शून्यावर आले.

भारतात २०१७-१८ मध्ये २६ रुग्णालयांच्या जाळ्यात अशी मोजणी झाली. ८९ अतिदक्षता विभागांतून रक्तसंसर्गाच्या २,६२२ घटना नोंदल्या गेल्या. नवजात शिशूंच्या विभागांत प्रमाण सर्वाधिक होते. उज्जैनमधील एका अध्यापन रुग्णालयातही शस्त्रक्रियेच्या जखमांतील संसर्गाची मोजणी झाली असून तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता निवाडा. नियम पाळल्याची नोंद आहे, तरीही संसर्ग झाला, तर तो अटळ असू शकतो; भाजलेल्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असते. नियम सुटल्याचे दिसत असेल, तर तो बहुधा टळला असता. नोंदच नसेल, तर निवाडा करता येत नाही आणि ती उणीव व्यवस्थेची ठरते. नळाला पाणी नाही, साबण नाही आणि अनेक खाटांमागे एकच परिचारिका आहे, अशा ठिकाणी तिच्यावर ठपका ठेवणे हा अन्याय होय.

म्हणून अधिकाऱ्यांनी किती संसर्ग झाले एवढेच न विचारता, नळीच्या किती दिवसांमागे झाले, हेही विचारावे. शिक्षकांनी हात धुण्याची सवय कारणासह शिकवावी. रुग्णाच्या आप्तांनी हात धुतल्यावाचून रुग्णाजवळ जाऊ नये, नळीला हात लावू नये आणि डॉक्टरांना रोज नम्रतेने विचारावे : ही नळी आज आवश्यक आहे काय? ज्या रुग्णालयात या प्रश्नाचे उत्तर रोज कागदावर उतरते, तेथे पुढच्या रुग्णाचा जीव वाचण्याची शक्यता वाढते.