हिंवाळ्यांतील बास

अमेरिकेंतील गोड्या पाण्यांत राहणाऱ्या ‘बास’ माशाचा गळाच्या शौकिनांत मोठा मान आहे. १९३२ सालीं जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी नांवाच्या तरुणानें २२ पौंड ४ औंसांचा बास धरला आणि घरच्या मंडळींनीं तो विक्रम चक्क खाऊन टाकला!

परंतु गळ टाकणाऱ्याची खरी परीक्षा थंडींत. पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड होतें. म्हणून वरचा थर त्याहून थंड झाला तरी तळाशीं तेवढी ऊब राहते. माशाचें अंग पाण्याबरोबरच निवतें, पचन मंदावतें, भूक मरते. एरवीं पळत्या भक्ष्यामागें धांवणारा बास आतां तोंडापुढचा घासहि आळसानेंच घेतो. अशा वेळीं शिशाच्या डोक्याचा ‘जिग’ गळ तळावरून इंच इंच ओढावा. किंवा पाण्यांत अधांतरीं राहणारें मासोळीच्या आकाराचें आमिष, दोन झटके देऊन, दहा-पंधरा सेकंद तसेंच सोडावें. मासा बहुधा त्या स्तब्धतेंतच गळाला लागतो. हिसका बसत नाहीं. दोरी किंचित् जड वाटते, इतकेंच. म्हणून दोरी बारीक आणि कांठीचें टोंक हळवें हवें.

होडींतून जाणाऱ्यानें आणखी एक जपावें. गार पाण्यांत पडतांच माणसाला धाप लागते, श्वासाबरोबर पाणी आंत जातें. थोड्याच मिनिटांत हात बधिर होऊन पट्टीच्या पोहणाऱ्यालाहि होडीची कड धरवत नाहीं. तरंगतें जाकीट कांठावरच अंगांत घालावें. पडल्यावर त्याचे बंद बांधण्यास बोटें चालत नाहींत.