औषध होते, किल्ली नव्हती

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, वीजबिल आहे, कर्ज आहे. त्यात दवाखान्याचा विषय आम्ही मुद्दाम घातला. काही कार्यकर्त्यांनी विचारले, शेतीमालाच्या भावाशी दवाखान्याचा काय संबंध? आपल्या गावात माणूस सावकाराच्या दारात कशासाठी उभा राहतो, ते मोजा. बी-खत, लेकीचे लग्न आणि घरातले दुखणे. पहिल्या दोहोंवर आपण सभांमागून सभा घेतल्या. तिसऱ्यावर एकही नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका कार्यकर्त्याला कपाशीत निंदताना पान लागले. भावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून अर्ध्या तासात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. डॉक्टर हजर होते. सर्पदंशावरची लसही होती. पण ती ज्या खोलीत, त्या खोलीची किल्ली औषध वाटणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, आणि तो तालुक्याला बैठकीला गेलेला. कुलूप फोडायची जबाबदारी कोण घेणार, यात वेळ गेला. शेवटी जीप करून जिल्ह्याच्या गावी खासगी दवाखान्यात नेले. माणूस वाचला. बिल भरायला बैलजोडी विकावी लागली.

सरकारला विचारले की उत्तर येते, पैसा नाही. पैसा कमी आहे हे खरेच, ते भांडण आपण सोडणार नाही. पण येथे इमारत होती, डॉक्टर होता, लस होती. नव्हती ती दुसरी किल्ली. शेतीशास्त्राच्या वर्गात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते, की पिकाचे उत्पन्न जो घटक सर्वांत कमी त्याच्यावर अडते. स्फुरद नसेल तर नत्राची पोती ओतून काही होत नाही. दवाखान्याचेही तसेच. सर्वांत कमी काय पडते ते शोधावे लागते, आणि पुष्कळदा ते पैशाने न मिळणारे असते.

हे काम नीट करून दाखवलेले लोक आपल्याच देशात आहेत. तमिळनाडूत मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी ११ खाटांचा डोळ्यांचा दवाखाना काढला. नाव अरविंद. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. त्यांनी हिशेब मांडला, की मोतीबिंदूने आंधळी झालेली माणसे अगणित आणि सर्जन थोडे. म्हणजे सर्वांत महाग वस्तू सर्जनचा वेळ.

पेरणीला वाफसा आला की आपण काय करतो? तिफण हाकणारा हाकतो, चाड्यावर मूठ धरणारी बाई बी सोडते, बियाणे आणून देणारा तिसराच असतो. हाकणाऱ्याला मध्येच बी आणायला कोणी पाठवत नाही. अरविंदमध्ये तसेच केले. शस्त्रक्रियेची दोन टेबले शेजारी शेजारी. एकावर काम चालू असते तेव्हा दुसऱ्यावर पुढचा रोगी तयार. तपासणी, तयारी, नंतरची देखभाल हे सारे खेड्यातून निवडून शिकवलेल्या मुली करतात. तेथे एक सर्जन वर्षाला २,००० च्या आसपास शस्त्रक्रिया करतो. देशातल्या इतर सर्जनांच्या सरासरीच्या हे कितीतरी पट आहे. ऐपतवाले पैसे देतात, त्यातून गरिबाचे फुकट होते. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडायचे, म्हणून १९९२ साली त्यांनी भिंगाचा स्वतःचा कारखाना काढला आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. शस्त्रक्रिया फुकट असूनही लोक येत नव्हते. विचारल्यावर कळले, एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी, जेवण आणि भीती. मग गावातल्या शिबिरातूनच बसने रोग्यांना एकत्र न्यायचे, जेवू घालायचे आणि परत आणून सोडायचे, अशी सोय केली. न येणाऱ्याला अडाणी म्हणून ते मोकळे झाले नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातले, आणि तेही ज्वारीचे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा सुरू केला. डॉ. उल्हास जाजू यांनी तो गावोगाव उभा केला. हप्ता पैशात मागितला नाही. कारण आपल्या हाती पैसा कधी असतो हे त्यांना ठाऊक होते. ज्वारी निघाली की पायलीने माप घालायचे. भूमिहीनाने कमी, जमीनवाल्याने जमिनीप्रमाणे जास्त. त्यातून गावच्या आरोग्यसेवकाचे मानधन आणि औषधे. मोठ्या दुखण्याला रुग्णालयात फुकट किंवा सवलतीत उपचार.

त्यात एक अट होती, आणि ती नीट समजून घ्या. गावातली बहुतेक घरे आली तरच गाव घ्यायचे, चार घरांसाठी नाही. कारण नुसते आजारीच नाव नोंदवू लागले तर निधी पहिल्याच वर्षी बुडतो. धडधाकट माणसाची पायली आजाऱ्याच्या कामी येते, उद्या तो पडला की दुसऱ्याची त्याच्या कामी येते. आणि ज्याने पायली घातली तो रुग्णालयाच्या दारात याचक म्हणून उभा राहत नाही. आपण भावासाठी भांडताना भीक नको म्हणतो, ते येथेही लागू आहे.

कोणी म्हणेल, आता सरकारची योजना आहे. आहे. २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिचा लाभ जरूर घ्या. पण ती मोठ्या रुग्णालयाचे बिल भरते, गावाजवळच्या केंद्रातले कुलूप उघडत नाही. ते आपल्यालाच उघडून घ्यावे लागेल.

त्या प्रसंगानंतर आमचे कार्यकर्ते केंद्रात गेले. घोषणा दिल्या नाहीत. डॉक्टरांना एवढेच विचारले, दुसरी किल्ली परिचारिकेच्या खोलीत ठेवता येईल का? आठ दिवसांत ठेवली. सरकारचा एक रुपया लागला नाही.

म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने तीन कामे करावीत.

एक, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाची लस किती आहे, कोठे आहे, रात्री ती कोण काढून देतो, हे लिहून आणावे. फवारणीची विषबाधा झाली तर पहिला उपचार कोण करतो, तेही विचारावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना माणसे दगावली, ते विसरू नका.

दोन, केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत आपल्या भागातले कोण आहे, बैठक शेवटची केव्हा झाली आणि निधी कशावर खर्च झाला, याचा हिशेब मागावा. तो नम्रपणे मागावा, पण लेखी मागावा.

तीन, रात्री-बेरात्री कोणाची गाडी निघेल आणि डिझेलचे पैसे कोण देईल, हे गावाने आजच ठरवावे. जमले तर यंदा कापूस विकताना घरटी थोडे बाजूला काढून निधी सुरू करावा. आकडा लहान चालेल, घरे मात्र बहुतेक सगळी हवीत.

पुढच्या बैठकीत आम्ही गावांची नावे एकेक करून पुकारणार आहोत. तेव्हा भाषण आमचे नको, तुमच्या वह्या वाचू.