पापणीचं दुसरं ऑपरेशन

पन्नाशी जवळ आली की बऱ्याच जणांच्या वरच्या पापणीची कातडी सैल पडते आणि डोळ्यांखाली फुगवटे येतात. रात्रभर छान झोप झालेली असते, तरी ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, "काय, जागरण झालं वाटतं?" हा प्रश्न ऐकून ऐकून कंटाळलेली काही माणसं पापण्यांची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून घेतात. आपल्या वसई-विरार पट्ट्यातल्या नोकरदार घरांतही आता हा विषय निघतो. बहुतेकांचं समाधान होतं. ज्यांचं होत नाही आणि जे दुसऱ्या ऑपरेशनच्या विचारात पडतात, त्यांच्याशी आज बोलायचं आहे.

समजा, नायगावला राहणाऱ्या एक बाई आहेत. शस्त्रक्रियेला दोन महिने झालेत. उजव्या पापणीची घडी डावीपेक्षा जरा वर दिसते. सकाळची लोकल भाईंदरच्या खाडीपुलावर आली की खिडकीतल्या वाऱ्यानं डोळे घळाघळा वाहू लागतात. जाऊबाई म्हणतात, "पैसे मोजून हे काय करून घेतलंस गं?" बाई मनाशी ठरवून टाकतात, दुसरा डॉक्टर गाठायचा आणि दिवाळीच्या आत हे नीट करून घ्यायचं.

या बाईंच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा आहे. घडी वरखाली दिसणं ही रूपाची तक्रार. डोळे वाहणं ही पापणीच्या कामाची तक्रार. पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवते आणि प्रत्येक वेळी बुबुळावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. कातडी जास्त निघाली असेल, किंवा खालची पापणी व्रणामुळे ओढली गेली असेल, तर डोळा पुरता मिटत नाही. बुबुळ कोरडं पडतं, आणि कोरडेपणानं चिडलेला डोळा उलट जास्तच पाणी गाळतो. म्हणून डोळे वाहतात म्हणजे डोळ्यांत ओलावा भरपूर आहे, असं समजू नका. तुम्ही झोपलात की घरातल्या कुणाला तरी तुमच्या पापण्यांकडे पाहायला सांगा. मधे पांढरी फट दिसत असेल, सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा, घडीचं नंतर.

सुरुवातीचे काही आठवडे सूज असते, तेव्हा थोडी फट राहू शकते. थेंब, रात्री लावायचं मलम आणि मसाज यांवर बऱ्याच जणांचं भागतं. व्रण लालसर आणि कडक असतो, तो मऊ पडायला सहा महिने ते वर्षही लागतं. दोन्ही डोळ्यांची सूज एकाच वेगानं उतरते असंही नाही. म्हणून रूपाच्या तक्रारीसाठी सर्जन सहसा सहा महिने तरी थांबायला सांगतात. दोन महिन्यांनी जी घडी वाकडी दिसते, ती सातव्या महिन्यात तशीच राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

मात्र सगळ्याच बाबतीत थांबायचं नसतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत डोळा एकदम ठणकू लागला, पुढे आल्यासारखा वाटला, नजर अंधूक झाली, तर उजाडायची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं. आतला रक्तस्राव क्वचित होतो, पण तो नजर घेऊन जाऊ शकतो. पुढच्या काळातही डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर बुबुळाला जखम झालेली असू शकते. तिथे सहा महिन्यांचा नियम लागू नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी प्रश्न असतो, किती काढायचं. दुसऱ्या वेळी प्रश्न असतो, शिल्लक किती आहे. पापणीची कातडी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ. वरच्या पापणीत भुवईच्या खालच्या कडेपासून केसांच्या ओळीपर्यंत सुमारे २० मिलिमीटर कातडी राखावी, असा सर्जनांचा ठोकताळा आहे. पहिल्या वेळी कमी काढली गेली असेल, तर दुसरं ऑपरेशन तुलनेनं सोपं. ढगळ झंपर शिंपी आत घेऊन देतो, पण आखूड कापलेला वाढवायचा तर दुसरं कापडच जोडावं लागतं. पापणीलाही तसंच दुसरीकडचं कातडं लावावं लागतं, बहुधा कानामागचं किंवा दुसऱ्या पापणीचं.

हे उसनं घेण्याचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभरानंतर पुण्याकडच्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी उतरवून नवं नाक घडवलं. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र छापून आली. कपाळाशी जोडलेला कातडीचा पट्टा सुमारे पंचविसाव्या दिवसापर्यंत कापायचा नाही, असं त्या वर्णनात म्हटलं आहे. नव्या जागी रक्त खेळू लागेपर्यंत जुना आधार तोडायचा नाही, एवढं त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं. आजची साधनं कितीतरी पुढे गेली, पण कातडी रुजायला तिचा वेळ घेतेच.

मिटणाऱ्या पापणीचं मोल मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांच्या रुग्णांना विचारायला हवं होतं. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस बाद झाली की डोळा उघडाच राहतो आणि दृष्टी जाण्याची भीती असते. अशा रुग्णांसाठी कानशिलावरच्या, चावण्याच्या स्नायूची पट्टी पापणीत आणून बसवतात. रुग्णानं दात आवळले की डोळा मिटतो. माणसं दिवसभर दात आवळायचा सराव करत, कशासाठी, तर डोळा मिटावा म्हणून. आपल्या पापणीत काय शिल्लक आहे, ते यावरून ध्यानात यावं.

दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा नुसता आरशातला राग घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. पहिल्या ऑपरेशनची नोंद मागा. किती कातडी काढली, चरबी काढली का, स्नायूला हात लावला का, हे त्यात असतं. रुग्णानं मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. ऑपरेशनआधीचे फोटो मागा, शिवाय लग्नाचा अल्बमही न्या. उजवी भुवई पहिल्यापासूनच वर होती, हे त्यातून पुष्कळदा कळतं. कधी दोष कातडीचा नसतोच. भुवई उतरलेली असते, किंवा पापणी उचलणारा स्नायू सैल पडलेला असतो. अशा वेळी आणखी कातडी काढून काही साधत नाही, नुकसान मात्र होतं.

डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. आहेत का, किंवा नेत्रतज्ज्ञ असून पापणीच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले आहेत का, हे विचारायला संकोच नको. मुंबईत नायर, केईएम, सायन इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. विरार लोकलनं मुंबई सेंट्रलला उतरून नायरला केसपेपर काढता येतो. आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, तेव्हा पैशाचा विचारही आधीच करून ठेवा.

आणखी एक गोष्ट जरा नाजूक. चारचौघांना जो फरक दिसतच नाही, तो पाहत तुम्ही रोज तासन् तास आरशापुढे उभे राहत असाल, झोप उडाली असेल, तर आधी मनाच्या डॉक्टरांशी बोला. या तक्रारीवर सुरी चालत नाही. अशा माणसाला दुसऱ्या ऑपरेशननंतर तिसरं हवंसं वाटतं.

दुसरं ऑपरेशन करूच नका, असं माझं म्हणणं नाही. योग्य वेळी, योग्य हातांनी केलेल्या दुरुस्तीनं अनेकांचे डोळे नीट मिटू लागले आहेत आणि चेहराही सुधारला आहे. फक्त नव्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्या पापणीत कातडी किती उरली आहे? माझा डोळा पूर्ण मिटतो का? आणि मी काहीच केलं नाही, तर वर्षभरानं काय होईल? तिन्हींची सरळ उत्तरं मिळेपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका.