येळवशीच्या दिवशी शेतावर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाची संहिता)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी अधिकारवाणीने बोलणारे वक्ते येथे पुष्कळ आहेत. आम्ही आपल्यापुढे एका सकाळची हकीकत तेवढी मांडणार आहोत. ती घडली सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात. परंतु तिचा पुरता उलगडा आम्हांस बंगळुरात झाला, म्हणून ती येथे सांगण्याजोगी वाटते.

आमची वडिलार्जित जमीन बारा एकर, सारी कोरडवाहू. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हां तिघा भावांची नावे चढली. थोरले बंधू पुण्यास, धाकटे हैदराबादेस आणि आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत येथे. जमीन कसणारे मात्र गेली तीस वर्षे अण्णा आणि अक्का, आमचे निम्म्या वाट्याचे वाटेकरी. त्यांची मातृभाषा कानडी. आमच्याशी बोलताना एका वाक्यात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. थोरल्या बंधूंना आजारपणामुळे पैशाची निकड होती आणि गिऱ्हाईकही चालून आले होते. ३० डिसेंबर २०२४ रोजी इसारपावतीवर सह्या करावयाच्या असे ठरले. आदल्या दिवशी उद्यान एक्स्प्रेसने आम्ही सोलापूर गाठले. दुसरा दिवस मार्गशीर्षातील अमावास्येचा, म्हणजे येळवशीचा आहे, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

गिऱ्हाइकास हद्द दाखवावयाची, तर आधी आपण ती पाहून ठेवावी, म्हणून सूर्योदयालाच आम्ही शेतावर निघालो. थंडी चांगलीच झोंबत होती. मालदांडी नुकतीच निसवली होती. पानापानांवरून दव ओघळत होते. कडेने करडईचे काटेरी पाटे राखणीला उभे. हरभऱ्यातून चाललो, तो त्याच्या आंबेने पायांची आग होऊ लागली आणि कचेरीतले बूट पांढुरके पडले. लहानपणी याच पिकावर आई पहाटे फडके अंथरीत असे. दवाने भिजलेले ते फडके पिळून निघालेली आंब पोटदुखीवर वर्षभर पुरे. रब्बीची ज्वारी बहुतेक जमिनीतल्या ओलीवरच वाढते. काळ्या मातीला भेगा पडल्या की ती ओल उडून जाते, म्हणून एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे शेतकरी म्हणतात. आमच्या रानात एकही मोठी भेग दिसली नाही. ती कोणी बुजविली, हे विचारण्याची गरज नव्हती.

उत्तरेचा बांध मात्र आम्हांस सापडेना. तिघेही त्याच मातीत वाढलो. एक म्हणे बाभळीपासून, दुसरा म्हणे विहिरीच्या अलीकडे. अखेर अण्णा आले आणि गवत बाजूला सारून त्यांनी हद्दीचा दगड दाखविला. ते काही बोलले नाहीत, आणि आम्हांस बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

शेताच्या मध्यावर कडब्याची कोप उभी होती. आत चुन्याने रंगविलेले पाच पांडव, शेजारी लक्ष्मी. अक्का डोक्यावरून आंबिलाचे मडके घेऊन आल्या. मागोमाग भज्जी, उंडे, गव्हाची खीर. पूजा झाली आणि अण्णांनी पिकातून फिरून चर शिंपला. नैवेद्याचे एक पान अक्कांनी वेगळे काढले. कोणाचे, म्हणून धाकट्या बंधूंनी विचारले.

“तुमच्या आईचं. दर साली काढतो की. त्यांचंच रान हाय नव्हं?”

आई जाऊन एकोणीस वर्षे झाली. त्या एकोणीस वर्षांत आमच्यापैकी कोणी येळवशीला तेथे गेलेले नव्हते.

थोरल्या बंधूंनी इसारपावतीचा कागद खिशातून काढला, पाहिला आणि परत ठेवला. “आज नको,” एवढेच ते म्हणाले. ज्याला पैशाची सर्वांत अधिक गरज होती, त्यानेच हे म्हणावे, याचे ओझे उरलेल्या दोघांवर आले. परत आल्यावर आम्ही खात्यास रीतसर कळविले, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली, धाकट्या बंधूंनी आपली भर घातली, आणि थोरल्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या उपचारासाठी वेळेत पोचले. हक्कसोडपत्र झाले. त्याच दिवशी अण्णांशी असलेला निम्मेपणाचा व्यवहारही प्रथमच कागदावर आला. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात आमची उभी हयात गेली. आणि ज्यांच्या कष्टांवर आमचा सातबारा हिरवा राहिला, त्यांच्याशी झालेल्या बोलीची एक ओळही तीस वर्षांत आम्ही लिहून ठेवली नव्हती!

ही हकीकत आम्ही कचेरीत विजयपूरकडील एका सहकाऱ्यांस सांगितली. ते हसले. म्हणाले, ही तर आमची एळ्ळ अमावास्या; आम्हीही त्या दिवशी कुटुंबासह शेतात जेवतो, चरगच शिंपतो. ज्या सणाला आम्ही केवळ आपल्या गावचा समजत होतो, तो सीमेच्या दोन्ही अंगांना एकाच दिवशी, जवळजवळ एकाच शब्दाने साजरा होतो. एका कचेरीत इतकी वर्षे शेजारी बसूनही आम्ही हे एकमेकांस कधी विचारले नव्हते. या हिवाळ्यात विश्वेश्वरपुरममध्ये अवरेकायीच्या राशी पाहिल्या, तेव्हा आम्हांस येळवशीच्या भज्जीची आठवण झाली, आणि या शहरात प्रथमच परकेपणा वाटला नाही.

आमची मुले ही जमीन राखतील की नाही, याची हमी आम्ही देऊ शकत नाही. त्यांना एकदा तेथे चालवून आणणे मात्र आमच्या हाती आहे. आपणांपैकी ज्यांची जमीन गावी आहे, त्यांनी येत्या हिवाळ्यात बांधाचा दगड शोधून पाहावा. आणि तो दाखविणाऱ्याचे नाव आपल्या कागदांत कोठे आहे, हेही पाहावे.