देवमाशाचा दम

आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी विहिरीत बुड्या मारल्या असतील. काठावरची पोरे आकडे मोजतात. तीस-चाळीस आकडे झाले की खालच्याची छाती दाटून येते, कान ठणकतात आणि तो धापा टाकीत वर येतो. आम्हीही हा खेळ खेळलो आहोत. साठ आकडे काढणारा गडी आमच्यात मोठा बहाद्दर समजला जाई.

आज आम्ही तुम्हांला तासभर दम धरणाऱ्या प्राण्याची हकिकत सांगणार आहोत. तो प्राणी म्हणजे देवमासा.

नाव मासा, पण तो मासा नव्हे बरे का! माशाला कल्ले असतात. पाण्यात मिसळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी घेतो. देवमाशाला कल्ले नाहीत. त्याला आपल्यासारखी फुप्फुसे आहेत. त्याची मादी गाई-म्हशींसारखी पिल्लाला जन्म देते, दूध पाजते. श्वास घ्यायला देवमाशाला पाण्याच्या वर यावेच लागते.

मग तो इतका खोल जातो कशाला? पोटासाठी! स्पर्म व्हेल नावाचा एक मोठा देवमासा आहे. त्याचे खाणे म्हणजे माकूल. ते मिळते खोल, काळोख्या पाण्यात. त्यासाठी हा १००० मीटर, म्हणजे एक किलोमीटर खाली जातो. पाऊण तास, तासभर खाली राहतो. चोचीसारखे तोंड असलेला आणखी एक देवमासा आहे. त्याच्या अंगावर शास्त्रज्ञांनी यंत्र बसवले. त्याच्या जातीतला एक २९९२ मीटर खोल गेल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. दुसरा एक ३ तास ४२ मिनिटे पाण्याखाली राहिल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले.

हे कसे जमते? कोणी म्हणेल, "त्याची छातीच केवढी! भरपूर हवा भरून घेत असेल." आम्हांलाही आधी तसेच वाटले होते. पण तसे नाही.

पाण्याला वजन असते. दर १० मीटर खाली गेले की वरच्या हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब अंगावर चढतो. एक किलोमीटर खाली तो शंभरपट होतो. तिथे हवेने भरलेली छाती कशी टिकणार? म्हणून देवमाशाच्या बरगड्या लवचिक असतात. दाब आला की छाती आत दबते, फुप्फुसे चपटी होतात. फुप्फुसातली हवा श्वासनळीत ढकलली जाते.

मग शिदोरी कुठे ठेवतो? रक्तात आणि मांसात. शेतकरी धान्य ओसरीवर ठेवीत नाही, कणगीत भरतो. तसेच हे आहे. माणसाच्या वजनाच्या शंभर भागांत रक्ताचे सुमारे ७ भाग असतात. स्पर्म व्हेलच्या शंभर भागांत ते २० च्या आसपास असतात. शिवाय त्याच्या मांसात मायोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ भरपूर असतो. तो प्राणवायू धरून ठेवतो. इतका भरपूर, की ते मांस जवळजवळ काळे दिसते. जॉन केंड्र्यू या इंग्रज शास्त्रज्ञाने स्पर्म व्हेलच्याच मायोग्लोबिनची बारीक रचना शोधून १९५८ साली जगापुढे मांडली. त्यासाठी त्यांना १९६२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण नुसती कणगी भरून भागत नाही. काटकसरही हवी. विहिरीला पाणी कमी असले म्हणजे आपण काय करतो? काही वाफ्यांची दारे बंद करतो आणि जे पीक जगलेच पाहिजे, त्याकडे पाणी वळवतो. देवमासाही तेच करतो. बुडी मारली की बाकीच्या अंगाकडे जाणारे रक्त तो कमी करतो. मेंदूला आणि हृदयाला मात्र कमी पडू देत नाही. हृदयाचे ठोकेही मंदावतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या समुद्रात २०१८ साली एका निळ्या देवमाशाचे ठोके मोजले. श्वास घ्यायला वर आला की मिनिटाला २५ ते ३७ ठोके पडत. खाली गेला की चार ते आठ. एकदा तर ते दोनवर आले!

आता जरा सोड्याची बाटली आठवा. बंद असताना बुडबुडे दिसत नाहीत. उघडली की फसफसून वर येतात. नळीतून हवा घेत खोल काम करणारा पाणबुड्या एकदम वर आला, तर त्याच्या रक्तातही असेच बुडबुडे होतात. माणूस लुळा पडतो, मरतोही. देवमाशाची फुप्फुसे दबलेली असतात. त्यामुळे खोलात हवा त्याच्या रक्तात फारशी मिसळत नाही, म्हणून तो बचावतो.

पण त्यालाही मर्यादा आहे. स्पेनच्या कॅनरी बेटांजवळ २००२ साली आरमारी जहाजांच्या कवायती चालू होत्या. पाण्यात मोठे आवाज सोडणारी यंत्रे त्यात वापरली होती. त्याच वेळी चोचीचे १४ देवमासे किनाऱ्याला लागले. मेलेल्यांच्या अंगात बुडबुड्यांच्या खुणा सापडल्या. आवाजाने बिथरून त्यांनी बुडीची नेहमीची रीत मोडली असावी, असे शास्त्रज्ञांना वाटते. पुढे २००४ साली स्पेनने त्या बेटांभोवती अशा यंत्रांना बंदी केली.

मंडळी, आता आपल्या कामाची गोष्ट. आपल्या अंगात एवढी शिदोरी नाही. काही पोरे बुडीआधी भराभर मोठे श्वास घेतात. त्याने दम वाढतो असे त्यांना वाटते. तसे नाही. जीव गुदमरणे हा शरीराचा इशारा आहे. आतली वापरलेली हवा साचली की तो मिळतो. भराभर श्वास घेतल्याने ती बाहेर जाते आणि इशारा उशिरा मिळतो. तोवर प्राणवायू संपतो आणि पोहणारा पाण्यातच बेशुद्ध पडतो. चांगला पट्टीचा पोहणाराही असा बुडतो.

म्हणून पोरांना ही रीत करू देऊ नका. एकट्याला बुडी मारू देऊ नका. विहिरीवर आकडे मोजणे सुरू झाले, की काठावर पोहता येणारा एक जाणता माणूस उभा असलाच पाहिजे.